अळीले सवय झाली का? एका गावातल्या गुलाबी बोंडअळीचं प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाचं आहे. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची ओळखही पुसून टाकलीय. मी तालुक्याला ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवतो आणि गावात आमचं पाच एकर वावर आहे, त्यातलं तीन एकर दरवर्षी कपाशीत असतं, त्यामुळे मी काही बाहेरून बघणारा नव्हतो, माझीही बोंडं किडली होती. दोन हंगाम हे चाललं. उत्क्रांती आणि वैज्ञानिक पद्धत या दोन गोष्टी मी वर्गात फळ्यावर शिकवत आलो, पण वावरात उभं राहून त्यांच्या जोरावर पैशाचा निर्णय घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय.

पार्श्वभूमी

आमच्याकडे कपाशी म्हणजे पावसावरचं पीक. जूनमध्ये पेरणी, पोळ्याच्या आसपास पात्या-फुलं, दसरा-दिवाळीला सीतादही (वावरातली पूजा) करून पहिला वेचा, आणि त्याच चुकाऱ्यावर किराणा, पोराची फी, बँकेचा हप्ता. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. त्याआधी हिरव्या अळीनं, म्हणजे अमेरिकन बोंडअळीनं, लोक रडकुंडीला आले होते. बीटी म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचं जीन कपाशीत घातलेलं, त्यामुळे अळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार होतं. पहिल्या बियाण्यात असं एकच प्रथिन होतं, क्राय१एसी, आणि २००६ पासून आलेल्या बीजी-टू मध्ये त्याच्या जोडीला क्राय२एबी. सुरुवातीची काही वर्षं खरंच चांगली गेली, हे मी स्वतःच्या घरात पाहिलंय.

मग २०१० च्या मार्चमध्ये बातमी आली की गुजरातमध्ये अमरेली, भावनगर, जुनागड, राजकोट भागात गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नाही. २०१४-१५ च्या सुमारास बीजी-टू वरही ती जगताना सापडली. आणि २०१७ तर विदर्भातला कोणीच विसरणार नाही, बोंडअळीनं कपाशी खाल्ली ते वेगळंच आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. हे शेवटचं वाक्य लिहायला मला अजूनही जड जातं, कारण पुढचा प्रत्येक निर्णय घेताना आमच्या डोक्यात तेच होतं, की औषध वाढवणं हा काही फुकटचा उपाय नाही, तो कुणाच्या तरी छातीत जातो.

अडचण

मी सांगतोय तो हंगाम २०१७ च्या नंतरचा. पहिला वेचा बरा निघाला. दुसऱ्या वेच्याला बाया वावरात गेल्या आणि दुपारीच निरोप आला की अर्धी बोंडं कवडी आहेत, पिवळा पडलेला, चिकटलेला कापूस, वेचायला दुप्पट वेळ आणि वजन काहीच नाही. गावात आमचा अकरा शेतकऱ्यांचा गट आहे, त्या रात्री समाजमंदिरात सगळे जमले. वातावरण गरम होतं. ज्यांनी उधारीवर बियाणं उचललं होतं ते सगळ्यात जास्त चिडलेले, आणि ते साहजिकच होतं.

एकाच बैठकीत चार कारणं पुढं आली. बियाणं बोगस आहे, पाकिटावर बीटी पण आत साधी सरकी. औषध बोगस आहे किंवा पाणी जास्त टाकलं. धुई (धुकं) पडली म्हणून असं झालं. आणि चौथं कारण आमच्या काकाजींनी सांगितलं, जे सत्तरीतले आहेत आणि ज्यांनी देशी कपाशीपासून सगळं पाहिलंय.

"अळीले सवय झाली बापा. रोज रोज तेच जेवन, मंग पचतेच नं."

मी त्यांना तिथल्या तिथं म्हटलं, काकाजी, सवय नाही झाली. पण का नाही ते मला त्या रात्री नीट सांगता आलं नाही, आणि त्या वेळी तो मुद्दा फक्त शब्दाचा वाटला. तो शब्दाचा नव्हता हे पुढं येईलच.

पहिला निर्णय: तक्रार करायची की आधी तपासायचं

बहुतेकांचं म्हणणं होतं की उद्याच तालुक्याला जाऊन बियाण्याची तक्रार द्यायची. अर्ज लिहायला मलाच बसवलं. मी लिहायला लागलो आणि दुसऱ्याच ओळीला अडलो, कारण तिथं लिहायचं होतं की बियाण्यात दोष आहे, आणि ते आम्हाला माहीत नव्हतं, आम्हाला फक्त राग आला होता.

मग मी एक साधी गोष्ट केली जी वर्गात दरवर्षी शिकवतो. प्रत्येक कारणासमोर लिहिलं की हे खरं असेल तर वावरात काय काय दिसायला पाहिजे, आणि काय दिसायला नको. बियाणं बोगस असेल तर एकाच वाणाच्या, एकाच लॉटच्या वावरात नुकसान जास्त पाहिजे. औषधाचा दोष असेल तर ज्यानं दुसरं औषध मारलं त्याचं वावर बरं पाहिजे. धुईचं असेल तर खालच्या नाल्याकाठच्या वावरात जास्त आणि वरच्या बरडीवर कमी पाहिजे. अळी बीटी पचवणारी झाली असेल तर सगळ्या वाणांत, सगळ्या वावरांत सारखंच.

आठ दिवस तक्रार थांबवायची असं ठरलं. सोपं नव्हतं ते. दोघं जण उठून गेले, म्हणाले सर दुकानदाराला सामील आहेत. मला वाईट वाटलं पण थांबलो ते बरंच झालं.

अकरा जणांच्या वावरात मिळून पाच वाणं होती. सगळ्यांच्या वावरातून हिरवी बोंडं आणून फोडली. इथं माझी पहिली चूक झाली. पोट्टे धुऱ्याधुऱ्यानं जाऊन जी बोंडं वाईट दिसली तीच तोडून आणत होते, आणि मीही पहिल्या दिवशी तेच मोजून बसलो. गुलाबी अळी बारीक असतानाच बोंडात शिरते आणि शिरल्याचं भोक बुजून जातं, बाहेरून बोंड हिरवंगार, ठणठणीत दिसतं. म्हणजे वाईट दिसणारी बोंडं निवडली तर आकडा फुगतो आणि चांगली दिसणारी सोडून दिली तर त्यातल्या अळ्या सुटतात. दोन्हीकडून चूक. दुसऱ्या दिवसापासून नियम केला की वावरात वाकडंतिकडं चालत जायचं, ठरलेल्या पावलांवर थांबायचं, हाताला येईल ते दहा-पंधरा दिवसांचं हिरवं बोंड घ्यायचं, एका एकरातून वीस. पहिल्या दिवसाचे आकडे फाडून टाकले. पोट्टे नाराज झाले, अर्धा दिवस मेहनत केली होती त्यांनी.

नव्या मोजणीत पाचही वाणांत अळी निघाली, खालीही आणि बरडीवरही. शिफारशीप्रमाणे वीस बोंडांत दोन किडकी निघाली की फवारायची पातळी धरतात, आमच्याकडे एकही वावर त्याच्या खाली नव्हतं.

एका बाईच्या वाक्यानं सगळं फिरलं

बोंडं फोडायला बचत गटाच्या बाया बसल्या होत्या. त्यातल्या एका ताईंनी, ज्या तीस वर्षं कापूस वेचतात, हात न थांबवता विचारलं, "सर, हिरवी अळी कुठं गेली? पयले तर तेच राहे. आता सारी गुलाबीच गुलाबी."

मी तिथंच उठून उभा राहिलो. ते एक वाक्य माझ्या सगळ्या तक्त्यापेक्षा मोठं निघालं. बियाणं जर साधं असतं, बिनबीटीचं असतं, तर हिरवी अळीसुद्धा यायला पाहिजे होती, २००२ च्या आधी यायची तशी. ती नव्हती. म्हणजे झाडात विष होतं, ते एका अळीला मारत होतं आणि दुसरीला नाही. एकच वावर, एकच झाड, एकच विष, दोन अळ्या, दोन निकाल. असा प्रयोग कुणी मुद्दाम मांडायचा म्हटला तरी इतका स्वच्छ मांडता येत नाही.

आणि असं का हे उत्क्रांतीच्या अंगानं पाहिलं की उलगडतं. हिरवी अळी तूर खाते, हरभरा खाते, टमाटर खाते. आपल्याकडे कपाशीच्या तासांमध्ये (ओळींमध्ये) तुरीचं तास असतंच आणि नंतर हरभरा. तिथं बीटी नाही, तिथं साध्या हिरव्या अळ्या आरामात वाढतात आणि त्यांचे पतंग कपाशीवरून वाचून आलेल्या एखाद्या चिवट पतंगाशी जोडी लावतात, चिवटपणा पातळ होत राहतो. गुलाबी अळी मात्र आपल्याकडे जवळपास कपाशीशिवाय दुसरं काही खातच नाही. तिच्यासाठी साधं खाणं म्हणजे बिनबीटी कपाशी, आणि ती आपण लावलीच नाही. बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट यायचं, ते कडेनं लावायचं होतं, म्हणजे साध्या अळ्यांना आसरा राहील. गावात विचारलं की त्या पाकिटाचं काय केलं, कुणी फेकलं, कुणी नांग्या भरायला, म्हणजे न उगवलेल्या जागी टोकायला, वापरलं. मीही फेकलं होतं. बायोलॉजीचा मास्तर असून.

तरी खात्रीसाठी पट्टी चाचणी केली. कृषी विज्ञान केंद्रातल्या एका ओळखीच्या माणसानं पट्ट्या दिल्या. पान चुरडून द्रावणात टाकायचं, पट्टी बुडवायची, प्रथिन असेल तर रेघ उमटते. इथं एक गोष्ट मी हट्टानं केली: आधी बिनबीटी झाडाचं पान तपासायचं. कारण पट्टी सगळ्यावरच रेघ दाखवत असेल तर तिचा उपयोग काय. बिनबीटी झाड शोधायला दोन दिवस गेले, शेवटी एकाच्या वावरात नांग्या भरलेल्या ठिकाणी सापडलं. त्या पानावर रेघ नाही, बाकी पाचही वाणांवर रेघ. बियाणं बोगस नव्हतं. तक्रार केली असती तर तपासणीत पडली असती आणि हंगाम त्यातच गेला असता. (पट्टी प्रथिन आहे एवढंच सांगते, किती आहे ते नाही. झाड जुनं झालं की प्रथिन कमी होत जातं हेही खरं, म्हणून ही चाचणी मी कधीच शेवटचा पुरावा म्हणून धरली नाही.)

सवय आणि निवड

आता काकाजींच्या शब्दाकडे येतो. पारावर बसून त्यांच्याशी जी चर्चा झाली ती मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची वाटते.

मी म्हटलं, काकाजी, अंड्यातून आज निघालेल्या अळीनं बीटी कधी खाल्लंच नाही, मग तिला सवय कुठून लागली?

"बापाची सवय पोराले लागते नं."

मी विचारलं, आपल्याकडे पोरींचे कान किती पिढ्यांपासून टोचतात? एक तरी पोरगी टोचलेले कान घेऊन जन्माला आली का?

काकाजी हसले, तंबाखू मळत बराच वेळ गप्प बसले. "हे मात्र खरं."

मग मी त्यांचंच उदाहरण घेतलं. त्यांच्या वडिलांकडे गवळाऊ बैल होते. गवळाऊची अशी चपळ, पांढरी, पायानं हलकी जात कशी झाली? बैलाला पळायची सवय लावून नाही. पिढ्यान् पिढ्या लोकांनी चांगला गोऱ्हा पाहून तोच वळूला ठेवला, बाकीचे खच्ची केले. ज्वारीचं बी कसं धरतो, सगळ्यात भरलेलं कणीस बाजूला काढून. डार्विननं १८५९ साली आपलं म्हणणं मांडलं तेव्हा सुरुवात इथूनच केली होती, पाळीव जनावरं आणि पिकं माणूस कशी निवडतो इथून. आपणही हजारो अळ्यांतून बीटी पचवणारी एखादी अळी निवडून बी म्हणून धरली आणि दरवर्षी पेरली, फक्त आपल्याला ते कळलं नाही.

"म्हंजे आपनच पोसली तिले."

हो, आपणच.

हा फरक पुस्तकी नाही हे मला इथं कळलं, कारण दोन्ही समजुतींतून निघणारं काम उलटं आहे. सवय असेल तर उपाय असा की डोस वाढवा, दोन औषधं मिसळा, अळीला धक्का द्या, किंवा एक वर्ष वाण बदला म्हणजे ती सवय विसरेल. गावात लोक नेमकं हेच करत होते आणि दुकानातूनही हेच सांगितलं जायचं. निवड असेल तर मात्र डोस वाढवणं म्हणजे चाळणी अजून बारीक करणं, जे वाचतील ते अजून चिवट. आणि वाण बदलून काही होत नाही कारण पाचही वाणांत विष तेच.

संकरित बियाण्याची एक वेगळी गोम आहे, ती मी गटासमोर मेंडेलचा तक्ता काढून दाखवली. आपलं बियाणं संकरित, त्यात एकच पालक बीटी असला तर त्या झाडावर जी बोंडं लागतात त्यातल्या सरक्या एकसारख्या नसतात, जीन वाटून जातात. दोन जीन वेगवेगळे वाटले गेले तर सोळातल्या नऊ सरक्यांत दोन्ही विषं, तीनात एक, तीनात दुसरं आणि एकीत काहीच नाही. गुलाबी अळी तर सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला कमी-जास्त विषाचं ताट वाढून ठेवलेलं, त्यात अर्धवट चिवट अळीसुद्धा तगते. बारावीच्या पोरांना नऊ-तीन-तीन-एक पाठ असतं, पण ते आपल्या वावरातल्या बोंडात आहे हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आता सांगतो.

कोणकोणते पर्याय होते

पुढच्या हंगामासाठी पाच गोष्टी टेबलावर होत्या. फवारे दुप्पट करायचे, हा पर्याय २०१७ नंतर निम्म्या लोकांनी ऐकूनच घेतला नाही. कपाशी सोडून सगळं सोयाबीन करायचं, पण बरडीवर सोयाबीन होत नाही आणि एकाच पिकावर सगळं टाकायची भीती. तिसरं म्हणजे चोर बीटी, परवानगी नसलेलं तणनाशकवालं बियाणं, गावात ते येतंच आणि लोकांना वाटत होतं की नवीन आहे म्हणजे अळीलाही चालेल. त्यातली नवी गोष्ट तणनाशक सोसण्याची आहे, गुलाबी अळीसाठी त्यात काही नाही, वर बेकायदेशीर. हे समजावल्यावर बहुतेकांनी ते सोडलं, सगळ्यांनी नाही.

चौथा पर्याय माझा होता: आता तरी कडेनं बिनबीटी कपाशी लावू. मी त्याच्या प्रेमात होतो कारण पुस्तकात तेच आहे, आणि अमेरिकेत ॲरिझोनात शेतकऱ्यांनी १९९६ पासून ते पाळलं, पुढं २००६ पासून कारखान्यात वाढवलेले नपुंसक पतंग विमानानं सोडले आणि २०१८ साली ही अळी तिथल्या कपाशीतून संपल्याचं जाहीर झालं. पण कृषी विज्ञान केंद्रातल्या त्या माणसानं एकच प्रश्न विचारला: चिवट अळी दुर्मिळ असते तेव्हा आसरा उपयोगी, तुमच्याकडे ती दुर्मिळ राहिली का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. औषध चांगलं, पण वेळ टळून गेलेली. मला माझा लाडका पर्याय सोडावा लागला आणि ते मनाला लागलं.

पाचवा पर्याय त्याच्याच प्रश्नातून निघाला. ज्या कारणानं ही अळी लवकर चिवट झाली तेच तिचं दुबळेपण आहे: तिला कपाशीशिवाय घर नाही. मग घरच काढून घ्यायचं. डिसेंबर संपायच्या आत कपाशी उपटायची, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन राखलेली कपाशी, ठेवायची नाही, उन्हाळी पेरणी करायची नाही. शेवटच्या अळ्या सरकीत, पऱ्हाट्यांवरच्या (कपाशीच्या वाळक्या झाडांवरच्या) किडक्या बोंडांत झोपून राहतात आणि मे-जूनमध्ये पतंग होऊन निघतात. तेव्हा वावरात पाती-फूल नसलं की अंडी घालायला जागा नाही, आठ-पंधरा दिवसांत ते मरतात. बीटी पचवायची ताकद तिथं काही कामाची नाही. उपाशी मरताना चिवट आणि साधी दोघी सारख्याच.

दुसरा निर्णय: फरदड आणि चूल

कागदावर हे सोपं होतं. ज्यांच्याकडे ओलिताची सोय आहे त्यांना फरदडीतून फेब्रुवारीपर्यंत दोन वेचे जास्त मिळतात. गटातल्या एका वहिनींचे मालक वारले, दोन एकर आणि विहीर, त्या म्हणाल्या, "फरदडीच्या पैशात मी पोट्ट्याचं कॉलेज भरतो, ते कोन देईन?" खरं होतं. शेवटी असं ठरलं की त्यांच्या वावरात कपाशी निघाली की लगेच हरभरा टाकायचा, बियाणं गटातून आणि पेरणीला गटातला ट्रॅक्टर.

दुसरा अडथळा मी आधी विचारातच घेतला नव्हता. मी सांगत होतो की पऱ्हाट्या वावरातच बारीक करून टाका. बायांनी विचारलं, मग चूल कशावर पेटवायची? गॅस आहे पण पाणी तापवायला, मोठ्या स्वयंपाकाला पऱ्हाट्याच लागतात, वर्षभराची बेगमी असते ती. बैठकीत पुरुष बोलत होते तोवर हा मुद्दा आलाच नाही. मग तोड निघाली: आधी वावरात शेळ्या-मेंढ्या बसवायच्या, त्या राहिलेली बोंडं, पात्या खाऊन टाकतात, मग पऱ्हाट्या उपटून उरलेली किडकी बोंडं झोडून जाळायची आणि नुसत्या काड्या घरी न्यायच्या. कष्ट जास्त, पण त्यांना पटलं कारण तोड त्यांनीच काढली होती.

कसं मोजलं

मला वेळेवर कपाशी काढणाऱ्या आणि न काढणाऱ्या वावरांची तुलना करायची होती. पण ते जमणारं नव्हतं, पतंग उडतो, धुरा त्याला दिसत नाही. माझं वावर स्वच्छ आणि शेजारी फरदड असेल तर माझं वावर काहीच सिद्ध करत नाही. म्हणून या उपायासाठी मोजायचं एकक म्हणजे अख्खं गाव. आणि गाव एकच. त्यामुळे शेजारच्या एका गावात, जिथं काही बदललं नव्हतं, तिथल्या मित्राच्या वावरात पण कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावले आणि दोन्हीकडे रोज सकाळी पतंग मोजले. एकरी दोन सापळे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की धोक्याची पातळी.

फवारणीचा प्रश्न मात्र एका वावरात सुटण्यासारखा होता. तीन जणांच्या वावरांचे पट्टे पाडले, चिठ्ठ्या टाकून ठरवलं की कोणत्या पट्ट्यात दुकानाच्या कॅलेंडरनं फवारायचं आणि कोणत्यात मोजून, पातळी ओलांडली तरच. प्रत्येक वेळी औषधाचा गट बदलायचा, कारण औषधातही तीच निवड चालते. मधली काही तासं मोजणीतून सोडली. बोंडांच्या पिशव्यांवर फक्त नंबर, फोडणाऱ्या ताईंना माहीत नव्हतं कोणती कुठली. एका शेतकऱ्याला हे लागलं, म्हणाला तुमचा आमच्यावर भरोसा नाही का. मी म्हटलं, भरोसा माझा माझ्यावरच नाही, मला माहीत असतं तर मीच माझ्या पट्ट्यातली अळी बारीक आहे म्हणून सोडली असती.

सप्टेंबरात सापळ्यांचे आकडे एकदम उतरले. सगळे खूश, मीही व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून टाकलं. पण बोंडांतल्या अळ्या कमी होत नव्हत्या, वाढत होत्या. दोन मोजण्या एकमेकींच्या विरुद्ध बोलत होत्या तेव्हा आम्हाला हवी ती खरी मानायचा मोह झाला, पाच-सहा दिवस मानलीही. मग कळलं की सापळ्यातल्या ल्यूर, म्हणजे तो वास सोडणारी आमिषं, महिन्याभरात बदलायच्या असतात आणि आमच्या दीड महिन्याच्या झाल्या होत्या, वासच संपला होता. ते पाच-सहा दिवस तीन वावरांना महागात पडले.

काय निघालं

पट्ट्यांच्या प्रयोगात कॅलेंडरच्या पट्ट्यांत सहा फवारे बसले, मोजून केलेल्यांत तीन, आणि किडक्या बोंडांत नजरेत भरेल असा फरक नव्हता. तीन फवारे वाचले म्हणजे औषध वाचलं, मजुरी वाचली आणि पाठीवर पंप घेऊन तीन दिवस कमी चालावं लागलं. हा निकाल मी ठामपणे सांगतो.

गावपातळीचा निकाल तितक्या ठामपणे सांगत नाही. डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुलं) आदल्या हंगामापेक्षा उशिरा दिसल्या, दुसऱ्या वेच्याला कवडी बरीच कमी होती. पण शेजारच्या गावातही त्या वर्षी पतंग थोडे कमीच होते, ऑगस्टात पावसाचा मोठा खंड पडला होता. आमच्याकडे घट जास्त होती, त्यातली किती आमच्या कामामुळे आणि किती त्या खंडामुळे हे एका वर्षात, एका गावावरून वेगळं करता येत नाही. गटात काहींना वाटत होतं की मी हे बोलू नये, लोकांचा उत्साह जाईल. मी बोललो.

आणि एक बाजू वाईटच राहिली. जिनिंगकडे (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याकडे) जाणाऱ्या रस्त्यालगतच्या चार वावरांत अळी ऑगस्टातच होती. कच्चा कापूस आणि सरकी तिथं उन्हाळाभर पडून असते, त्यातले पतंग थेट या वावरांत. आम्ही अख्ख्या गावातल्या पऱ्हाट्या झोडल्या आणि हे दार उघडंच ठेवलं.

काय वेगळं केलं असतं

पहिल्या हंगामात सापळे असते तर तुलनेला काहीतरी हातात असतं, दुसऱ्या वर्षाचे आकडे निव्वळ आठवणीशी ताडून पाहावे लागले. ल्यूर बदलायची तारीख सापळ्याच्या काठीवरच रंगानं लिहायला पाहिजे होती, आता लिहितो. पहिल्या बैठकीला बचत गटाला बोलवायला हवं होतं, हिरव्या अळीचा प्रश्न आणि चुलीचा प्रश्न दोन्ही तिथंच निघाले असते आणि निदान पंधरा दिवस वाचले असते. जिनिंगवाल्यांना एप्रिलमध्येच भेटून तिथं सापळे लावायला हवे होते.

तक्रारीच्या रात्री उठून गेलेले ते दोघं, त्यातला एक दुसऱ्या हंगामात परत आला, दुसऱ्यानं फरदड ठेवली आणि आजही बोलत नाही. त्याच्याकडे मी एकदा घरी जाऊन पट्टी चाचणी त्याच्या समोर करायला हवी होती, त्याच्या वावरातल्या पानावर. सगळ्यांसमोर निकाल वाचून दाखवला तेव्हा तो तिथं नव्हता, त्याच्यापर्यंत फक्त एवढंच पोचलं की तो चुकला.

दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती आहे. यंदा गावातल्या शाळेत मॅडमनी तो शिकवताना काकाजींना बोलावलं होतं. मी मागच्या बाकावर बसलो होतो. काकाजींनी खिशातून एक बोंड काढलं, पोरांसमोर फोडलं, आतली अळी बोटावर घेतली आणि विचारलं, "सांगा बरं, हिले सवय लागली का आपन हिले निवडली?"